मागचे गिअर नीट पडत नाहीत: मधले जुळले की टोकाचे बिघडतात

टेकडीवाट (७ जुलै, रात्री ९.४०)

नमस्कार. माझ्या माउंटन बाइकच्या मागच्या गिअरने महिनाभर हैराण केले आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. सायकल चार वर्षांची असून पुढे तीन आणि मागे आठ गिअर आहेत. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) शिमानो आल्टस, शिफ्टर (मुठीजवळचा गिअर बदलण्याचा खटका) त्याच कंपनीचा आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) ११ ते ३४ दात्यांची आहे. रोज कोथरूड ते औंध ये-जा होते आणि रविवारी वेताळ टेकडी ठरलेली असते. गिअरचे आकडे मी शिफ्टरच्या खिडकीत दिसतात तसेच लिहितो, म्हणजे १ ही ३४ दात्यांची सर्वांत मोठी चकती आणि ८ ही ११ दात्यांची सर्वांत लहान.

चढाला लागताना ८ पासून ५ पर्यंत चेन बरी चढते. तिथून पुढे एक खटका दाबला तर ती नुसती खरखरते, आणि अंगठा थोडा अधिक रेटला तर एकदम दोन चकत्या ओलांडून जाते. उलट दिशेने परिस्थिती आणखी वाईट आहे: खटका वाजतो, खिडकीतला आकडा बदलतो, चेन मात्र जागची हलत नाही, आणि मग चार पेडल मारल्यावर किंवा चाक एखाद्या खड्ड्यात आदळल्यावर ती आपली आपण खाली उतरते. १ वर असताना डिरेलरचा पिंजरा, म्हणजे चेन ज्या दोन लहान पुलींवरून जाते त्यांची चौकट, स्पोकना टिकटिक घासतो. सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की मधले गिअर जुळवले की दोन्ही टोके बिघडतात आणि टोके जुळवली की मधले.

घराजवळच्या दुकानात दोनदा दाखवून झाले. दोन्ही वेळा दोन-चार स्क्रू फिरवून, सायकल स्टँडवर घेऊन, चाक गरगर फिरवून गिअर पडून दाखवण्यात आले, आणि पहिला चढ लागताच पहिले पाढे पंचावन्न. जूनमध्ये टेकडीवरच्या चिखलात घसरून एकदा पडलो होतो. त्याचा काही संबंध असेल का?

चक्रम (७ जुलै, रात्री १०.१५)

डिरेलरवर एच आणि एल असे दोन स्क्रू असतात. ते अर्धा अर्धा फेरा फिरवून पाहा. माझ्या सायकलीचा असाच त्रास त्याने गेला होता. नाही जमले तर केबल जिथून डिरेलरमध्ये शिरते तिथला बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारी गोल चावी, फिरवा.

निवृत्त_टूलरूम (८ जुलै, सकाळी ६.०५)

चक्रम, तुमचा हेतू चांगला आहे, पण टेकडीवाट यांनी आता एकही स्क्रू फिरवू नये अशी माझी विनंती आहे. दोन वेळा फिरवून झालेले आहेत आणि मूळ दोष त्याखाली गाडला गेला आहे.

एच आणि एल हे स्क्रू म्हणजे शेताच्या दोन कडांचे बांध आहेत. डिरेलरने लहान चकतीच्या बाहेर फ्रेमकडे जाऊ नये म्हणून एच, आणि मोठ्या चकतीच्या पलीकडे स्पोकमध्ये शिरू नये म्हणून एल. दोन बांधांमध्ये नांगर कसा चालतो याच्याशी त्यांचा संबंध नसतो, त्यामुळे २ ते ७ यांतला कोणताही गिअर अडत असेल तर या स्क्रूंना हात लावून उपयोग नाही. मधल्या गिअरचे काम बॅरल अ‍ॅडजस्टरचे आहे, आणि तोही तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा बाकीचे सगळे सरळ आणि मोकळे असते.

तुम्ही लक्षणे दिशेनुसार वेगळी करून लिहिलीत हे फार बरे झाले. मागचा डिरेलर दोन बाजूंच्या ओढाताणीवर चालतो. मोठ्या चकतीकडे त्याला केबल ओढते, म्हणजे पर्यायाने तुमचा अंगठा ओढतो. लहान चकतीकडे त्याला त्याची स्वतःची स्प्रिंग नेते. अंगठ्यात जोर भरपूर असतो, स्प्रिंगमध्ये मोजका. केबल आउटरमध्ये, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणात, कुठे अडत असेल तर अंगठा ती अडचण रेटून पार करतो, स्प्रिंगला ते जमत नाही. म्हणून खटका वाजूनही चेन उशिराने लहान चकतीवर उतरत असेल आणि खड्ड्याच्या धक्क्याने उतरत असेल, तर केबल कुठेतरी रुतते आहे असे समजावे. केबल नुसती सैल असती तर उलट झाले असते, म्हणजे उतरायला सोपे आणि चढायला जड.

पण मधले जुळले की टोके बिघडतात हे एकट्या केबलने पुरते समजत नाही. तिथे मला हँगरचा संशय येतो. फ्रेमला डिरेलर ज्या लहानशा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, कारण आघात झाला तर फ्रेम किंवा डिरेलर मोडण्याऐवजी त्याने वाकावे. तो आत वाकला की डिरेलर तिरका लटकतो, पिंजऱ्याचे खालचे टोक स्पोकजवळ जाते, आणि चेन चकतीच्या पातळीत न राहता तिरकी शिरते. तुमची टिकटिक बहुधा तीच आहे.

आता पुढील गोष्टी पाहून कळवा. मागचे चाक खाचेत दोन्ही बाजूंनी पूर्ण बसले आहे का, हे सर्वांत आधी. पंक्चर काढताना ते अर्धवट बसते आणि माणूस आठवडाभर गिअरशी झटापट करतो. मग सायकलीच्या मागे जमिनीवर उकिडवे बसून एक डोळा मिटून पाहा: चेन ज्या चकतीवर आहे ती चकती, वरची पुली आणि खालची पुली या तिघी एका उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. तिसरे, पडलात तेव्हा सायकल कोणत्या अंगावर पडली?

केबलची परीक्षा पाना न लावता होते. मागचे चाक उचलून चेन १ वर आणा. आता पेडल थांबवा आणि न फिरवता शिफ्टरचे सगळे खटके ८ पर्यंत सोडा. चेन हलणार नाही, पण केबल सैल पडेल. फ्रेमवरच्या आउटरच्या खोबणींना फट असेल तर आउटरचे तुकडे त्यातून अलगद बाहेर काढता येतील आणि आतल्या केबलवर पुढेमागे सरकवता येतील. कुठला तुकडा खरखरीत सरकतो ते बोटांना लगेच कळते.

खारा_वारा (८ जुलै, दुपारी १.३०)

वेंगुर्ल्याहून लिहितो आहे. इथल्या हवेत मीठ आणि वाटेवर लाल माती, त्यामुळे केबलचा हा प्रकार आम्हाला पाठ आहे. नव्वद टक्के वेळा दोष शेवटच्या तुकड्यात सापडतो, म्हणजे मागच्या नळीपासून वळण घेऊन डिरेलरमध्ये जाणारा आउटर. तो सर्वांत खाली असतो, चाकाचा चिखल थेट त्याच्यावर उडतो आणि पाणी आत शिरले की वळणात साचून राहते. काहीजण त्यात ग्रीस भरतात, ते करू नये. जाड ग्रीसमध्ये धूळ मिसळली की त्याची खळ होते. मी पावसाळ्यात हा एक तुकडा सरळ बदलतो.

टेकडीवाट (९ जुलै, रात्री ११.००)

सविस्तर प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने सगळे पाहिले.

चाक खाचेत बरोबर बसलेले आहे. मागून पाहिल्यावर मात्र डिरेलर तिरका असल्याचे इतके ढळढळीत दिसले की महिनाभर आपण काय पाहत होतो याची लाज वाटली: खालची पुली स्पष्टपणे चाकाकडे झुकली आहे. दुकानात हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, कळत नाही.

मात्र एक कोडे आहे. टेकडीवर मी डाव्या अंगावर पडलो होतो. डाव्या पेडलच्या कडेला आणि डाव्या मुठीला ओरखडे आहेत, उजवीकडे काहीच नाही. मग हँगर वाकला कसा? बायकोने आठवण करून दिली की मे महिन्यात साताऱ्याहून येताना सायकल बसच्या डिकीत आडवी टाकली होती. उजव्या अंगावर होती, कारण डावीकडे पाण्याच्या बाटलीची कडी बाहेर आली होती म्हणून मीच ती तशी ठेवली. आणि वर कोणाच्या तरी आंब्याच्या पेट्या आल्या. गिअरचा त्रास सुरू झाला तो त्यानंतरच्या आठवड्यात. पडण्याचा दोष मी उगीच टेकडीला देत होतो.

केबलही पाहिली. पुढचे दोन तुकडे गुळगुळीत सरकतात, शेवटचा तुकडा दाताखाली खडा यावा तसा सरकतो. तो काढून टोक पाहिले तर आत गोल गोल वेटोळी घातलेली पट्टी दिसली. पुढच्या तुकड्यांच्या टोकाला मात्र झाडूच्या काड्यांसारख्या सरळ बारीक तारा आहेत. हा तुकडा गेल्या वर्षी एका दुसऱ्या दुकानात बदलला होता. यात काही चुकले आहे का?

निवृत्त_टूलरूम (१० जुलै, सकाळी ५.५०)

चुकले आहे. तुमच्या गिअरला ब्रेकचा आउटर लावलेला आहे.

ब्रेकचा आउटर स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा असतो. तो दाब सहन करतो, पण दाबाखाली आणि वळणात त्याची लांबी किंचित कमी-जास्त होते. ब्रेकला त्याने काही बिघडत नाही. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ बसवलेल्या असतात, त्यामुळे त्याची लांबी बदलत नाही. खटक्याच्या गिअरला हाच फरक पुरेसा आहे. शिमानोच्या आठ गिअरच्या शिफ्टरमध्ये एका खटक्याला सुमारे २.८ मिलिमीटर केबल ओढली जाते, डिरेलर तिच्या साधारण १.७ पट सरकतो, आणि दोन चकत्यांमधले अंतर ४.८ मिलिमीटर असते. २.८ ला १.७ ने गुणून पाहा, हिशेब बसतो. आता आउटरने एक मिलिमीटर जरी गिळला तरी डिरेलर १.७ मिलिमीटर मागे राहतो, म्हणजे एका चकतीच्या वाटेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. चेन मध्येच खरखरत राहणार नाही तर काय करणार?

शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस मालिकेत आजच्यासारखी खटक्यांची पद्धत रूढ केली. त्याआधीच्या साध्या दांड्याच्या गिअरमध्ये माणसाचा हात आणि कान मिळून असला घोळ सांभाळून घेत. खटका आल्यापासून ती सवलत संपली.

उलटी चूक मात्र कोणीही कधीही करू नये. गिअरचा आउटर ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक दाबताना त्याच्या सरळ तारा फाकून तो फुटू शकतो, आणि ते नेमके उतारावर होते.

नवा तुकडा जुन्याच्याच लांबीचा कापा. साध्या पकडीने कापलात तर तोंड चेपते, म्हणून केबल कापण्याची कात्री वापरा, कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतल्या प्लॅस्टिकच्या नळीचे बुजलेले तोंड दाभणाने गोल उघडा. मग आउटरच्या टोकावर त्याची टोपी बसवा. आतली केबलही १.२ मिलिमीटरची नवी घाला. गंजलेली केबल नव्या आउटरमध्ये घालणे म्हणजे आंघोळ करून तेच कपडे घालणे.

हँगर शक्यतो नवाच घ्या. त्याचे आकार शेकड्याने आहेत, म्हणून जुना सोबत नेऊन छिद्रांसकट जुळवून पाहा. नवा मिळेपर्यंत जुना किती वाकला आहे हे घरी पाहण्याची एक युक्ती आहे. डिरेलरचा बोल्ट ज्या आट्यात बसतो तो १० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर पिचचा असतो, आणि बऱ्याच गिअरच्या सायकलींच्या मागच्या चाकाच्या आसालाही तोच आटा असतो. मित्राच्या सायकलीचे मागचे चाक मिळाले तर त्याच्या आसाचे टोक हँगरमध्ये हाताने फिरवून बसवा. हाताने अलगद फिरत नसेल तर आटा वेगळा आहे असे समजून थांबा. बसले की दोन चाके शेजारी शेजारी उभी राहतात. दोन्ही रिममधले अंतर वर, खाली, पुढे आणि मागे पट्टीने मोजा. फरक चार मिलिमीटरच्या आत असेल तर हँगर सरळ म्हणायला हरकत नाही.

दुडकी_चाल (१० जुलै, दुपारी ४.२०)

धागा वाचून माझी शंका विचारण्याचे धाडस करतो. माझ्या सायकलीला मागे नऊ गिअर आहेत. डिरेलर दगडावर आपटून तुटला, म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने दहा गिअरचा शिमानो माउंटन डिरेलर बसवला, "कंपनी एकच, सगळे चालते" असे तो म्हणाला. हँगर सरळ आहे, केबल नवी आहे, आउटर गिअरचाच आहे, तरी तीनच गिअर बरे पडतात.

सह्यचक्र (१० जुलै, सायंकाळी ७.४५)

हे जुळणार नाही, कितीही फिरवले तरी. वरचाच हिशेब तुमच्यासाठी मांडतो. नऊ गिअरचा शिफ्टर एका खटक्याला सुमारे २.५ मिलिमीटर केबल ओढतो आणि चकत्यांमधले अंतर ४.३५ मिलिमीटर असते. जुन्या पद्धतीचा डिरेलर १.७ पट सरकतो म्हणून ते जमते. शिमानोने माउंटन बाइकच्या दहा गिअरसाठी हे प्रमाण बदलून सुमारे १.२ केले आणि शिफ्टर जास्त केबल ओढेल असा केला. तुमचा शिफ्टर २.५ ओढतो, डिरेलर त्याच्या १.२ पट म्हणजे ३ मिलिमीटर सरकतो. प्रत्येक खटक्याला सव्वा मिलिमीटरहून अधिक तूट, आणि तीन खटक्यांत जवळजवळ एक अख्खी चकती मागे. तीनच गिअर बरे पडतात हे तुमचे निरीक्षण तंतोतंत बरोबर आहे.

शिमानोचा नऊ गिअरचाच डिरेलर घ्या. आठ गिअरचा माउंटन डिरेलरही चालतो, कारण प्रमाण तेच आहे. खटक्यांची संख्या शिफ्टर ठरवतो, डिरेलर नाही. फक्त तुमच्या मोठ्या चकतीचे दाते त्याला पेलतात का ते पाहून घ्या.

चक्रम (१० जुलै, रात्री ९.३०)

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. माझा त्रास स्क्रूने गेला तो टोकाचाच होता, चेन लहान चकतीच्या बाहेर पडत असे, हे आता लक्षात आले. टेकडीवाट यांनी चेन झिजून लांबली आहे का तेही मोजून घ्यावे असे सुचवतो. जोर दिल्यावर चेन दात्यांवरून कटकन उडत असेल तर ते गिअर न पडण्याहून वेगळे दुखणे आहे आणि तिथे केबल-हँगर बदलून काही होत नाही.

टेकडीवाट (१९ जुलै, रात्री १०.२०)

उशिराबद्दल क्षमस्व. हँगर मिळायला आठवडा गेला. तिसऱ्या दुकानात डब्यातले पंचवीसेक नमुने उलटेपालटे केल्यावर जुळणारा सापडला.

त्याआधी शेजाऱ्याच्या सायकलीचे चाक जुन्या हँगरमध्ये फिरवून पाहिले. दोन चाकांमधले अंतर वरच्या बाजूला १५२ मिलिमीटर आणि खाली १३९ भरले. तेरा मिलिमीटरचा फरक पट्टीवर पाहताना अंगावर काटा आला. नवा हँगर लावल्यावर हाच फरक दोन मिलिमीटरवर आला.

नवा आउटर, नवी केबल. चेनही मोजली: एका खिळ्याच्या मध्यापासून मोजलेल्या बारा पूर्ण कड्या नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात, माझ्या ३०५.५ भरल्या, म्हणजे चेन अजून चालेल असे मी धरतो.

मग केबल न जोडता आधी बांध घातले. लहान चकतीवर वरची पुली चकतीच्या बाहेरच्या कडेखाली येईल इतका एच फिरवला. मग डिरेलर हाताने आत ढकलून वरची पुली मोठ्या चकतीच्या बरोबर मध्याखाली थांबेल असा एल. हा एल दुकानात जवळजवळ दीड फेरा सैल करून ठेवलेला होता. त्यामुळेच पिंजरा स्पोकपर्यंत जात होता. एखाद्या चढावर चेन स्पोकमध्ये गेली असती. शेवटी केबल ओढून बोल्ट घट्ट केला आणि बॅरल अ‍ॅडजस्टर पाव पाव फेऱ्याने उलट (घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध) फिरवत जुळवले. आठही गिअर दोन्ही दिशांना पडतात, आणि टेकडीच्या चढावरही पडतात.

एकच गोष्ट उरली आहे. १ वर चेन येताच घरघर असा आवाज येतो, स्पोकचा नव्हे.

निवृत्त_टूलरूम (२० जुलै, सकाळी ६.१५)

चेनबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. आठ गिअरची चेन ३०७ च्या आसपास गेली की बदलावी.

घरघर बी स्क्रूची आहे. हँगरजवळ मागच्या बाजूला तिसरा एक स्क्रू असतो. तो वरची पुली चकतीपासून किती दूर राहील हे ठरवतो. पुढे सर्वांत लहान आणि मागे १ असा गिअर टाकून पाहा: पुली ३४ च्या दात्यांना टेकत असणार. पाच-सहा मिलिमीटर फट पडेपर्यंत तो स्क्रू आत घ्या. त्याहून जास्त नको, कारण पुली फार दूर गेली तर सगळेच गिअर मंदावतात.

पंधरा दिवसांनी आउटर आपल्या टोप्यांमध्ये दबून बसले की केबल किंचित सैल झाल्यासारखी वाटेल. घाबरू नका, शिफ्टरजवळचा अ‍ॅडजस्टर पाव फेरा उलट फिरवला की काम होते.

टेकडीवाट (२० जुलै, रात्री ८.५०)

बी स्क्रू दोन फेरे आत घेतला, घरघर गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा बसने साताऱ्याला जायचे आहे. डिकीत सायकल डाव्या अंगावर ठेवली की झाले ना?

निवृत्त_टूलरूम (२१ जुलै, सकाळी ६.००)

डाव्या अंगावर ठेवाच, पण पेट्या कोण कशा टाकील हे तुमच्या हाती नाही. डिरेलरचा बोल्ट ५ मिलिमीटरच्या एलन कीने हँगरमधून सोडवा, केबल आणि चेन तशीच राहू द्या, डिरेलर गोणपाटात गुंडाळून मागच्या नळीच्या आतल्या बाजूला, स्पोकला लागणार नाही असा, सुतळीने बांधा. पाच मिनिटांचे काम आहे. उतरल्यावर बोल्ट पुन्हा हाताने सुरू करा, आटा सरळ धरल्याची खात्री झाली की मगच की लावा. आणि जुना वाकलेला हँगर फेकू नका. नवा मोडला तर दुकानात नमुना म्हणून तोच दाखवावा लागेल.